मालिका पुरी व्हायची वाट पाहू नका

वाचनाची आवड असलेल्या माणसांच्या तोंडी अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "सगळे भाग आले की मग सुरू करू." पहिला खंड हातात असतो, मलपृष्ठावरचा मजकूर वाचून झालेला असतो, पुस्तक आवडेल याचा अंदाजही आलेला असतो, आणि तरी ते परत फळीवर जातं. कारण एकच, मालिका अजून अपुरी आहे. माझी विनंती या वाचकांना आहे. अशी वाट पाहू नका. पहिला खंड वाचा. तो संपला की दुसऱ्याचा विचार करा, आणि प्रत्येक खंडानंतर पुढे जायचं की थांबायचं हे नव्याने ठरवा. लेखक मालिका कधी पुरी करणार हे आपल्या हातात नाही. समोरचा खंड आज आपल्याला काय देतो, हे मात्र आपल्याला वाचून पाहता येतं.

ही भीती हवेतून आलेली नाही, हे मला मान्य आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा पहिला खंड 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ साली आला. तेव्हा तीन खंडांत गोष्ट संपवायचा बेत होता. दुसरा खंड १९९८ साली आला, तिसरा २००० साली. त्यानंतर चौथ्याला पाच वर्षं लागली आणि पाचव्याला सहा. तो पाचवा खंड २०११ चा. दरम्यान तीन खंडांचे सात झाले. सहावा खंड 'द विंड्स ऑफ विंटर' मी हे लिहीपर्यंत आलेला नाही, आणि त्याच्याही पुढे सातवा आहे. टीव्हीवरची मालिका २०११ साली सुरू झाली, पुस्तकांना मागे टाकून पुढे गेली आणि २०१९ साली संपलीसुद्धा. पॅट्रिक रॉथफस यांचंही तसंच. 'द नेम ऑफ द विंड' २००७ साली आलं, 'द वाइज मॅन्स फिअर' २०११ साली, आणि तिसरा, शेवटचा भाग अजून नाही. २०११ साली कॉलेजात बसून ही पुस्तकं एकमेकांकडून मागून वाचणारी आपल्याकडची मुलं आता पस्तिशीला आली. त्यांनी धाकट्या भावंडांना "पुरी झाल्याशिवाय हात लावू नकोस" असं बजावलं, तर त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

पण मार्टिन आणि रॉथफस यांची नावं नेहमी एका दमात घेतली जातात, तिथेच सल्ला चुकतो. या दोन मालिकांचा अपुरेपणा वेगवेगळ्या जातीचा आहे, आणि वाचकाने आधी तोच फरक ओळखायला शिकावं.

मार्टिन यांचे पहिले तीन खंड घ्या. तिसऱ्याच्या शेवटी युद्धाचा एक मोठा फेरा पुरा होतो. अनेक पात्रांचं पहिल्या पानापासून चाललेलं काही ना काही तिथे निकाली लागतं. लेखकाने मुळात इथे पाच वर्षांची उडी घ्यायची ठरवली होती, म्हणजे कथेतली लहान मुलं मोठी होतील आणि गोष्ट पुढच्या टप्प्यावर सुरू होईल. ती उडी जमेना म्हणून त्यांनी बेत सोडला आणि मधली वर्षं लिहायला घेतली. मजकूर इतका फुगला, की शेवटी तो पात्रांनुसार आणि प्रदेशांनुसार दोन पुस्तकांत वाटावा लागला. त्यामुळे जॉन स्नो, डेनेरिस आणि टिरियन, ज्यांच्यासाठी बहुतेक वाचक जीव टाकतात, ती तिघं चौथ्या खंडात जवळजवळ नाहीतच. पाचवा खंड बराचसा चौथ्याच्याच काळात, दुसऱ्या भूमीवर घडतो. हे ठाऊक असलेला वाचक तिसऱ्या खंडानंतर निवांत थांबू शकतो. त्याच्या हातात एक भरगच्च, थकवणारी, समाधान देणारी कादंबरी पडलेली असते. ज्याला त्या जगात अजून राहायचं आहे, त्याने चौथा आणि पाचवा एकामागून एक वाचावा, मध्ये मोठा खंड पडू देऊ नये. आणि पाचव्याच्या शेवटी आपण अधांतरी राहणार आहोत, हे आधीच मनाशी धरून वाचावा. माझं मत विचाराल तर पहिले तीन खंड वाचायला सहाव्याची वाट पाहणं हा स्वतःवरच केलेला अन्याय आहे. सहावा आला काय, न आला काय, तिसरा खंड त्याने एका शब्दाने बदलत नाही.

रॉथफस यांची रचना निराळी आहे. तिथे एक खानावळवाला आपली कहाणी लेखनिकाला तीन दिवस सांगणार असं सुरुवातीलाच ठरतं. एक दिवस म्हणजे एक पुस्तक. इतका नामांकित माणूस नाव लपवून एका आडगावात दारू आणि जेवण वाढत का बसला आहे, हा प्रश्न पहिल्याच पानांत उभा राहतो, आणि त्याचं उत्तर तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेलं आहे. दोन दिवस झाले, तिसरा उजाडलेला नाही. इथे लेखकाने वाचकाला उघड वचन दिलं आहे आणि सगळी इमारत त्या वचनावर उभी आहे. भाषेसाठी, प्रसंगांसाठी, गुरुकुलातल्या त्या वर्षांसाठी वाचायचं असेल तर जरूर वाचा, पहिलं पुस्तक फार सुंदर आहे. पण ज्याला उत्तर मिळाल्याशिवाय झोप लागत नाही, त्याने ते आज हातात घेऊ नये. अशा वाचकाला मी थांबायला सांगेन, आणि माझ्या सांगण्याला हा एवढाच अपवाद आहे.

मग पुस्तक कुठल्या जातीचं आहे हे न वाचता कसं कळणार? पहिली पन्नास-साठ पानं वाचली की बहुधा कळतं. लेखक एखादं कोडं घालून पुढे पुढे ओढतो आहे, की माणसं, गाव, काळ उभा करतो आहे? कोडं असेल तर शेवटाचं मोल मोठं. माणसं असतील तर शेवट हा अनेक गोष्टींपैकी एक. ज्याने वाचलं आहे त्याला विचारायचं असेल, तर "शेवट काय?" असं विचारू नका. "पहिला खंड संपल्यावर तुम्हाला पुस्तक पुरं वाटलं का?" असं विचारा. चांगला वाचक काहीही न फोडता याचं उत्तर देऊ शकतो.

मराठीत या प्रश्नाचं सर्वांत ठळक उदाहरण भालचंद्र नेमाड्यांचं आहे. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० साली आली ती चार कादंबऱ्यांतली पहिली म्हणून. त्याआधीची त्यांची कादंबरी 'झूल' १९७९ ची, म्हणजे मध्ये तीन दशकं गेली होती. पुढचे भाग येतील तेव्हा येतील म्हणून 'हिंदू' बाजूला ठेवलेले वाचक मला आजही भेटतात, आणि त्यांना सांगावंसं वाटतं की हे पुस्तक अडवून ठेवण्यासारखं अजिबात नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननावर काम करणारा खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचं कळून गावाकडे निघतो, आणि त्या प्रवासाच्या निमित्ताने खानदेशातल्या एका कुणबी घराच्या पिढ्या, बायका, शेती, रूढी, भांडणं, गाणी त्याच्या मनातून वाहू लागतात. त्यात पुढच्या भागासाठी राखून ठेवलेलं रहस्य नाही. वाचताना दमछाक होते, काही पानं पुन्हा वाचावी लागतात, पण वाचक रिकाम्या हाताने परत येत नाही. नेमाड्यांच्याच चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्याही अशाच वाचता येतात. 'बिढार' एकटी वाचली तरी ती पुरी आहे. पुढच्या वाचल्या तर चांगदेवचं एका गावातून दुसऱ्या गावात, एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत जाणं अधिक बोचतं, एवढंच.

आनंद यादवांचं आत्मचरित्र चार भागांत आहे: 'झोंबी' १९८७, 'नांगरणी' १९९०, 'घरभिंती' १९९२ आणि 'काचवेल' १९९७. १९८७ साली ज्यांनी 'झोंबी' वाचली, त्यांना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. शिकण्यासाठी बापाशी झगडणारा तो पोरगा त्यांना तेवढ्यानेच भिडला, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कारही 'झोंबी'ला मिळाला तो १९९० साली, चौथा भाग येण्याच्या कितीतरी आधी. सगळे भाग एकदम वाचायचे म्हणून कुणी दहा वर्षं थांबलं असेल, तर त्याने काय कमावलं, हे मला सांगता येणार नाही.

ज्या मालिकांचा शेवट आपल्याला आधीच माहीत असतो, त्यांच्याबाबत तर थांबण्याला अर्थच उरत नाही. विश्वास पाटील यांची छत्रपती शिवाजी महाराजांवरची 'महासम्राट' २०२२ सालच्या 'झंझावात' या खंडापासून भागाभागाने येते आहे. प्रतापगडावर काय झालं, रायगडावर काय झालं हे मराठी घरातल्या पोरालाही ठाऊक आहे. आपण वाचतो ते लेखक तो प्रसंग कसा उभा करतो हे पाहायला. कन्हैयालाल मुनशींनी गुजराती आणि इंग्रजी वाचकांसमोर कृष्णचरित्राची मोठी मालिका उभी केली. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने छापलेली ही 'कृष्णावतार' मालिका अनेकांच्या घरी आहे. सात खंड पुरे झाले आणि आठवा, कुरुक्षेत्राचा, मुनशी १९७१ साली गेले तेव्हा अर्धवट राहिला. कुरुक्षेत्राच्या उंबरठ्यावर लेखक गेला. पण त्या सात खंडांतली रुक्मिणी, भीम, सत्यभामा वाचलेल्या माणसाला तुम्ही विचारून पहा, "उगाच वाचलं" असं तो म्हणेल का?

अपुरं वाचणं ही काही आजची आपत्ती नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः लिहिली. नायिका यमूचं पुढे काय होणार, हे त्या वाचकांना आठवड्याआठवड्याने कळत होतं, आणि मधल्या दिवसांत घराघरांत त्यावर बोलणं होत होतं. इंग्लंडात डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी येत. त्याची शेवटची कादंबरी बारा हप्त्यांची ठरली होती. १८७० च्या जूनमध्ये तो गेला आणि सहाच हप्ते निघाले. खुनाची कथा, आणि खुनी कोण हे सांगणारं कुणी उरलं नाही. तरी दीडशे वर्षं लोक ती वाचत आले, तर्क लढवत आले. आपले पूर्वज त्याहून जुन्या अपुरेपणाबरोबर सुखाने राहिले. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'चे पुढचे सर्ग, नववा ते सतरावा, दुसऱ्या कुणाचे असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मल्लिनाथाची टीका आठव्या सर्गावर थांबते. संस्कृत शिकणारी मुलं पिढ्यान्‌पिढ्या आठ सर्गच वाचत आली. काव्याच्या नावात ज्या कुमाराचा संभव आहे तो त्या आठ सर्गांत जन्मलाच नाही, म्हणून काव्य सोडून दिल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्याने पुरी केलेली मालिका वाचावी का, हाही प्रश्न मला विचारला जातो. त्याचं उत्तर लेखकाने मागे काय ठेवलं आणि पुरं करणाऱ्याने ते किती निष्ठेने हाताळलं, यावर आहे. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मुलाने पुरी केली. उत्तरभागाच्या आरंभी तो सांगतो, की वडिलांबरोबर ही कथाही खंडित झाली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना झालेलं दुःख पाहून मी हे हाती घेतलं, माझ्या कवित्वाच्या गर्वाने नाही. मला हे फार मोठं मन वाटतं. वाचकाच्या हळहळीची अशी दखल घेऊन लिहायला बसलेला मुलगा हिंदीतही आहे. देवकीनंदन खत्री १९१३ साली गेले तेव्हा 'भूतनाथ' अर्ध्यावर होती, आणि दुर्गाप्रसाद खत्रींनी पुढचे भाग लिहून ती संपवली.

आपल्या काळातलं सर्वांत मोठं उदाहरण रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'चं. पहिला खंड १९९० चा. अकरा खंड झाले होते आणि जॉर्डन असाध्य आजाराने २००७ च्या सप्टेंबरमध्ये गेले. आपण जगणार नाही हे कळल्यावर त्यांनी शेवटाची टिपणं करून ठेवली, घरच्यांना बरंच तोंडी सांगून ठेवलं. त्यांची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्यांची संपादक होती. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं, आणि २००९ ते २०१३ या काळात तीन खंड येऊन मालिका चौदा खंडांत पुरी झाली. त्यातली भाषा जॉर्डनची नाही, हे पहिल्याच प्रकरणात जाणवतं. पण शेवट त्यांचा आहे, आणि अकरा खंड चाललेल्या वाचकाला तो मिळायला हवा. माझा सल्ला असा, की मूळ लेखकाची टिपणं हाताशी असतील तर वाचा. टिपणं नसतील, केवळ नाव खपतं म्हणून कुणाकडून पुढचे भाग लिहून घेतले असतील, तर मूळ लेखकाच्या शेवटच्या पानावर थांबा.

जॉर्डन यांच्या मालिकेतून दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती मधल्या खंडांबद्दल. तिथे सातव्या-आठव्या खंडापासून कथा संथ होत जाते आणि दहाव्यात जवळजवळ थबकते. पुष्कळ वाचकांनी तिथेच मालिका सोडली. लांबलचक मालिकेत असा ओसाड पट्टा बहुधा येतोच, कारण लेखकाला पसरलेले धागे शेवटाच्या दिशेने वळवायचे असतात. एक खंड रटाळ निघाला म्हणून लगेच सोडू नका. सलग दोन खंड रटाळ निघाले, आणि पात्रांचं काय होईल याची काळजीही मनातून गेली असेल, तर मात्र खुशाल सोडा. "इतकं वाचलं, आता पुरं केलंच पाहिजे" हा विचार मनातून काढून टाका. आधीचे सहा खंड तुम्ही आनंदाने वाचलेत, तो आनंद तुमचा झाला, त्याची परतफेड म्हणून सातव्याचे हाल सोसण्याचं कारण नाही. ग्रंथालयाच्या कार्डावर तेवढ्या वेळात दुसरं चांगलं पुस्तक येऊ शकतं.

आता थांबण्याविरुद्धचं माझं खरं कारण सांगते. पुस्तक पुरं होईपर्यंत वाट पाहणारा वाचक एक गोष्ट गृहीत धरतो, की तो स्वतः तेव्हाही असाच असेल. स्टीफन किंग यांनी 'द डार्क टॉवर' या आपल्या मालिकेच्या पहिल्या खंडाच्या सुधारित आवृत्तीत दोन पत्रांची आठवण लिहिली आहे. एक पत्र कर्करोगाने आजारी असलेल्या एका आजीचं होतं. आपल्याकडे फार दिवस नाहीत, शेवट काय होणार तेवढं सांगा, कुणाला कळू देणार नाही, असं तिने कळवलं होतं. दुसरं पत्र फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचं, त्याचीही मागणी तीच. किंग यांनी लिहिलं आहे, की सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण शेवट त्यांनाच ठाऊक नव्हता. ती मालिका १९८२ साली सुरू झाली होती. १९९९ साली रस्त्याने चालताना गाडीने उडवल्यामुळे किंग मरता मरता वाचले, आणि त्यानंतर २००३-०४ मध्ये उरलेले तिन्ही खंड प्रसिद्ध करून त्यांनी ती पुरी केली. त्या आजीला शेवट मिळाला नाही. पण निघालेले खंड तरी तिने वाचले होते. पुरी झाल्यावर वाचू म्हणत ती बसली असती तर तेही तिच्या वाट्याला आलं नसतं.

आणि माणूस असला तरी तो तोच राहत नाही. फास्टर फेणेच्या मागे धावायचं वय दहा ते चौदा. त्या वयात ती पुस्तकं हाती आली नाहीत तर नंतर कौतुकाने वाचता येतात, पण फेणेबरोबर धावता येत नाही. हॅरी पॉटरची सात पुस्तकं १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आली. पहिल्या पुस्तकाच्या वेळी अकरा वर्षांची असलेली मुलं शेवटच्याच्या वेळी एकवीस वर्षांची होती, हॅरीच्या मागोमाग मोठी झालेली. सगळी सात आल्यावर वाचायची म्हणून कुणा पालकांनी मुलाला थांबवलं असतं, तर ते बरोबरीने मोठं होणं त्याला पुन्हा कधी मिळालं असतं? मुलांच्या बाबतीत म्हणून माझी विनवणी जास्तच आहे. पोराने मालिकेतलं पहिलं पुस्तक मागितलं तर देऊन टाका. पुढचं कधी येणार हे त्याला खरं सांगा, "माहीत नाही" असेल तर तेही सांगा. मुलं वाट पाहू शकतात, आणि मधल्या काळात पुढची गोष्ट स्वतः रचतात.

वाट पाहताना लेखकाला छळू नका, एवढं मात्र सगळ्यांनाच सांगते. मार्टिन यांना वर्षानुवर्षं लोक वय आणि तब्येत काढून टोमणे मारत आले आहेत. आपण पैसे दिले ते हाती असलेल्या खंडाचे. त्या पैशात न लिहिलेला खंड नसतो. आणि धमकावून कुणाकडून चांगलं प्रकरण लिहून घेता येत नाही.

खंडाखंडाने वाचायचं म्हटलं की अडचण येते ती विसरण्याची, आणि ती खरी आहे. चार वर्षांनी पुढचा भाग आला की मागचं अर्धं पुसलेलं असतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे खंड संपल्या दिवशीच वहीत एक पान लिहून ठेवणं. कथा लिहू नका, ती पुस्तकात आहेच. कोण कुठे आहे, कुणाला कुणाचं कोणतं गुपित माहीत आहे, आणि तुमच्या मनात कोणते प्रश्न उरले, एवढंच लिहा. नात्यांचा गुंता असेल तर वंशावळ काढा. 'हिंदू'सारख्या पुस्तकाला तर ती वाचतानाच काढावी लागते. हे पान पुस्तकाच्या मागच्या बाजूला घडी करून ठेवा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर वहीतच राहू द्या. नवा खंड आला की आधी हे पान, मग मागच्या खंडाची शेवटची तीन-चार प्रकरणं, आणि लगेच नव्याला हात. सगळे खंड पहिल्यापासून पुन्हा वाचण्याचा संकल्प बहुधा मध्येच मोडतो आणि नवा खंड तसाच पडून राहतो. इंटरनेटवरचे सारांश वापरायचे तर जपून, कारण मागच्या भागाच्या सारांशात पुढच्या भागातली गोष्ट फुटलेली असते. मार्टिन यांच्यासारखे लेखक पुस्तकाच्या शेवटी घराण्यांच्या याद्या देतात, त्याही आपण वाचत असलेल्याच खंडातल्या पाहाव्या.

टीव्हीवर शेवट पाहिला असेल तर पुस्तक वाचण्यात अर्थ आहे का, असं मुलं विचारतात. आहे. मार्टिन यांच्या पुस्तकांतली कितीतरी पात्रं पडद्यावर आलीच नाहीत, आणि आलेल्यांचंही नशीब पानापानाला वेगळं आहे. पडद्यावरचा शेवट आवडला नसेल तर तेवढ्यावरून पुस्तकांचा निकाल लावू नका.

राहिला प्रश्न पैशांचा, आणि मराठी वाचकाने याचा विचार इंग्रजी वाचकापेक्षा जास्त करायला हवा. मार्टिन यांचा सहावा खंड तुम्ही घेतला नाहीत तर त्यांच्या प्रकाशकाला काही फरक पडत नाही. मराठीत कादंबरीची आवृत्ती बहुतेक हजार-अकराशे प्रतींची असते. त्यातल्या दोन-तीनशे वाचकांनी "पुरी झाली की घेऊ" असं ठरवलं, तर पहिला खंड गोदामात पडून राहतो, दुसऱ्यासाठी प्रकाशक हात आखडता घेतो, आणि मालिका खरोखरच अपुरी राहते. अनुवादित मालिकांची अवस्था आणखी नाजूक. पहिला भाग खपला नाही तर पुढच्या भागाच्या हक्कांचे पैसे कोण भरणार? म्हणून जी मराठी मालिका आवडेल असं वाटतं, तिचा पहिला खंड पहिल्याच वर्षी विकत घ्या, किंवा निदान आपल्या ग्रंथालयाला घ्यायला लावा. संपूर्ण संचाचे पैसे प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ भरायचे असतील तर मात्र नीट चौकशी करा, किती खंड छापून तयार आहेत हे विचारून घ्या. मोठ्या कामाला वेळ लागतो, त्यात लबाडी असतेच असं नाही. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा, आणि ज्यांच्या हातून तो सुरू झाला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ सालीच गेले. पण त्या एकोणचाळीस वर्षांत निघालेला प्रत्येक खंड निघाल्या दिवसापासून वाचनालयांत वापरला जात होता.

ग्रंथालयातून मालिका वाचणाऱ्यांनी पहिला खंड नेण्याआधी नोंदवही किंवा संगणक पाहून बाकीचे खंड जागेवर आहेत का याची खातरी करावी. मधला एखादा खंड कुणी नेऊन परत न केलेला असतो, किंवा फाटून बांधणीला गेलेला असतो. नसेल तर मागणी नोंदवून या. ग्रंथपाल अशा मागण्यांची दखल घेतात, कारण एक खंड हरवला की उरलेलेही फिरायचे थांबतात.

आणि पुढचा भाग हवा असेल तर प्रकाशकाला पत्र पाठवा, ईमेलही चालेल. प्रकाशकांना तक्रारी पुष्कळ येतात, मागणी क्वचित. कोणती मालिका, कितव्या खंडापर्यंत वाचली, त्यातलं काय आवडलं, आणि पुढचा भाग कुठल्या गावच्या कुठल्या दुकानात विचारला, एवढं चार ओळींत लिहा. खाली नाव आणि पत्ता घाला, म्हणजे खंड निघाला की त्यांना तुम्हाला कळवता येईल.